पिकोलो बॅन्जो : एक हिवाळा आणि एक पावसाळा वाजवून झाल्यावर

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा, सात इंच व्यासाच्या कड्याचा पाच तारी पिकोलो बॅन्जो मी इथे न्यू जर्सीत घेतला. कारागिराचा शिक्का कुठेच नाही, म्हणून नव्या चांगल्या बॅन्जोपेक्षाही स्वस्तात मिळाला. शोभेला ठेवलेला नाही, जवळजवळ रोज वाजवते. वाद्य अप्रतिम आहे. मात्र त्याला आजच्या बॅन्जोसारखे वागवले, तर ते मोडेल.

गणपतीच्या मिरवणुकीत कळा दाबून वाजवतात तो बेंजो हा नव्हे. याला चामड्याने मढवलेले गोल कडे आणि दांडी असते, आणि बोटांनी तारा छेडायच्या असतात. त्या काळी अमेरिकेच्या शहरांत आणि कॉलेजांत बॅन्जोचे वाद्यवृंद जोरात होते. फिलाडेल्फियाचा बॅन्जो बनवणारा एस. एस. स्ट्यूअर्ट याने 1885च्या सुमारास मुख्य सुरावटीसाठी बॅन्जोरीन हा आखूड दांडीचा, चढ्या सुराचा बॅन्जो आणला. त्याच्याही वर, नेहमीच्या बॅन्जोहून बरोबर एक सप्तक चढा बोलायचा तो पिकोलो. माझ्या वाद्यात तारेची बोलती लांबी तेरा इंच आहे, नेहमीच्या निम्मी. म्हणून तीच तार, तोच ताण, आणि सूर मात्र सप्तकभर वर. सर्वांत खालची तार हार्मोनियमच्या मधल्या पांढरी एकला लागते. यावरून बाकीच्या तारा कुठे बोलत असतील ते ओळखा.

आता तारांबद्दल, कारण या काळातल्या बॅन्जोंचे सर्वाधिक नुकसान तारांनीच केले आहे. ही वाद्ये आतड्याच्या तारांसाठी, म्हणजे तातीसाठी घडवलेली. दांडी बारीक, तिच्या आत आजच्यासारखी लोखंडी सळई नाही. माझ्याकडे आले तेव्हा विकणाऱ्याने वर स्टीलच्या तारा ताणून बसवल्या होत्या आणि दांडी पुढे झुकायला लागली होती. पार्सल उघडल्यावर पहिले काम केले ते त्या तारा उतरवण्याचे. आता अक्विला कंपनीच्या नायलगट या कृत्रिम तारा आहेत. घनता तातीच्या जवळपास, पण हवेच्या ओलीने त्या तितक्या फिरत नाहीत. दांडीचा झुकाव आणखी वाढलेला नाही. आणि आवाज! स्टीलवर तो चरचरीत होता, आता गोल आणि टपोरा येतो. आस छोटी आहे, स्वर उमटतो आणि लगेच विरतो, त्यामुळे संथ आलापीची अपेक्षा ठेवू नका. द्रुत लयीत मात्र एकेक दाणा सुटा ऐकू येतो.

चामडे हा माझ्या सर्वाधिक जिव्हाळ्याचा भाग. आधीच्या मालकाने प्लास्टिकचे पान लावले होते. ते काढून वासराचे चामडे लावून घेतले: भिजवून कड्यावर चढवायचे, सावकाश वाळू द्यायचे, मग भोवतीचे आकडे समोरासमोरच्या जोड्यांनी थोडेथोडे आवळायचे. इथल्या हिवाळ्यात घराच्या हीटरने हवा कोरडी झाली की चामडे इतके ताणले जाते की आकडे जरा सैल करावे लागतात. जुलैत सोबत कोल्हापूरला नेला तेव्हा उलटे झाले. पान ढिले पडले, तारा पेलणारी घोडी खाली बसली, तारा पडद्यांना टेकून झणझणू लागल्या. ज्यांच्या घरी तबला किंवा ढोलकी आहे त्यांना हे नवीन नाही. तिथे मी आकडे आवळत बसले नाही. पावसात आवळलेले पान परत कोरड्या हवेत फाटू शकते. तारा सैल केल्या आणि वाद्य पेटीत ठेवले. जुने जोड सरसाने चिकटवलेले असतात आणि सरसाला दमटपणा सोसत नाही, हेही एक कारण. कोकणात राहणाऱ्याने हे वाद्य घेण्याआधी नीट विचार करावा.

खुंट्या लाकडी, नुसत्या घर्षणावर धरणाऱ्या. तानपुऱ्याच्या खुंटीला लावतो तसा खडू लावला की छान धरतात. जुन्या वाद्यांत कधीकधी हस्तिदंती खुंट्या असतात. तशी वाद्ये परदेशातून आणताना कस्टममध्ये अडकू शकतात, तेव्हा आधी विचारून घ्या.

पडदे फार जवळ आहेत. पहिल्या पडद्याला जेमतेम 18 मिलिमीटर जागा, बाराव्यापाशी त्याच्या निम्मी. माझी बोटे बारीक आहेत म्हणून निभावते, जाड बोटांना वरचे स्वर अवघड जातील.

पाचवी तार आखूड असते, तिची खुंटी दांडीच्या मध्यावर. अंगठ्याने ती सतत बोलती ठेवायची. अशीच आखूड अंगठ्याची तार पश्चिम आफ्रिकेतल्या अकोन्टिंग या वाद्यालाही आहे. गुलाम करून अमेरिकेत आणलेल्या आफ्रिकी लोकांनी भोपळ्याच्या कवचाचे बॅन्जो घडवले, तिथून हे सारे सुरू झाले. पुढे दिवाणखान्यांत शिरलेल्या निकेल चढवलेल्या बॅन्जोच्या जाहिरातींत ही आठवण फारशी उरली नाही. त्या काळच्या सर्वश्रेष्ठ वादकांत होरेस वेस्टन (1825–1890) हा कृष्णवर्णीय कलावंत होता, हे हा बॅन्जो हातात घेणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असावे असे मला मनापासून वाटते.

पहिलाच बॅन्जो म्हणून हा घेऊ नका. मोठ्यावर हात बसला असेल आणि चामड्याच्या वाद्याची रोज दखल घ्यायची तयारी असेल, तर जरूर घ्या. घेताना कड्याच्या आतून जाणारा लाकडी दांडा आणि दांडीची टाच यांचा जोड हलत नाही ना, हे हाताने दाबून पाहा. पान, तारा, घोडी सगळे नवे मिळते. तो जोड सुटला असेल तर मात्र जुन्या बॅन्जोंचा जाणकार कारागीर गाठावा लागतो आणि तो खर्च वाद्याच्या किमतीवर जातो.