गूगलवरून स्वतःचा नंबर आणि पत्ता हटवताना: काही महिन्यांचा अनुभव

आधीच सांगते, गूगलची ‘निकाल काढून टाका’ ही सोय फुकट आहे आणि मोबाईल नंबरसाठी छान चालते. घाम काढला तो घराच्या पत्त्याने, आणि त्यात गूगलचा फारसा दोष नाही.

आमची नाशिकमध्ये मसाल्यांची छोटी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. नोंदणीकृत कार्यालय म्हणून राहता फ्लॅटच दिला होता; सुरुवातीला बहुतेक जण तेच करतात. कंपनीचा पत्ता कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर जाहीर असतो. तिथून माहिती उचलून स्वतःची पानं थाटणाऱ्या खासगी साइट्स ढिगाने आहेत. माझं नाव शोधलं की मंत्रालय राहतं बाजूला, हीच पानं वर येतात. नाव, पत्ता, ई-मेल, एकीकडे तर मोबाईलसुद्धा. कर्जवाले आणि ‘मॅडम, वेबसाइट बनवून देतो’वाले फोन करायचे, ते एकवेळ ठीक. पण एक गृहस्थ थेट दारात हजर झाले आणि घरात सासूबाई एकट्या होत्या, तेव्हा मात्र मी कंबर कसली.

निकालाशेजारचे तीन ठिपके दाबले की काढून टाकण्याचा पर्याय सापडतो. पानाची लिंक, स्क्रीनशॉट आणि कोणत्या नावाने शोधल्यावर ते दिसतं एवढं द्यायचं. पूर्वी बँक खातं, सही असल्या गोष्टींपुरतीच ही सोय होती. २०२२ पासून फोन, पत्ता आणि ई-मेलसाठीही अर्ज करता येतो. नंबर असलेली पानं भराभर गेली. पण ‘मंजूर’ म्हणजे काय ते नीट वाचा. कधी पान कुठल्याच शोधात येत नाही, कधी फक्त तुमच्या नावाने शोधल्यावर येत नाही. माझी बरीचशी दुसऱ्या प्रकारात बसली; कंपनीचं नाव टाकलं की अजून दिसतात. शिवाय मूळ साइटवर पान जसंच्या तसं असतं, लिंक असेल तर कुणीही उघडावं. बिंग या दुसऱ्या सर्च इंजिनकडे वेगळा अर्ज करावा लागतो. डकडकगो या आणखी एका सर्च इंजिनचे निकाल बरेचसे बिंगवरून येतात, त्यामुळे तो टाळू नका.

पत्त्याचे अर्ज मात्र परत आले. कंपनीचा पत्ता ही व्यवसायाची, सरकारदरबारी जाहीर असलेली माहिती आहे, असा सूर. चिडचिड झाली, पण म्हणणं खोटं नव्हतं. ‘डेटा संरक्षण कायद्याची भीती दाखव’ असा सल्ला अनेकांनी दिला. मी कायदा उघडून पाहिला. २०२३च्या त्या कायद्यात माहिती पुसून मागण्याचा हक्क आहे खरा, पण कायद्याने जी माहिती जाहीर करणं बंधनकारक आहे आणि म्हणून ती जाहीर झाली आहे, तिला तो कायदाच लागू होत नाही. आमचा पत्ता नेमका त्यातच मोडतो. विसरलं जाण्याचा, म्हणजे आपल्या नावाच्या शोधातून जुनी पानं काढून घेण्याचा, युरोपातला हक्क तिथल्या न्यायालयाच्या २०१४च्या निकालाने गाजला, तो इथे तसाच मागता येत नाही. न्यायालयीन निकालांमधली नावं काढण्याचा वाद तर आपल्याकडे अजून सर्वोच्च न्यायालयात आहे.

मग मूळच बदललं. एक छोटा गाळा भाड्याने घेतला आणि सीएकडून आयएनसी-२२ फॉर्म भरून नोंदणीकृत पत्ता तिकडे हलवला. खर्चिक वाटेल, पण माल ठेवायला जागा हवीच होती. मंत्रालयाच्या नोंदीत नवा पत्ता आल्यावर काही साइट्सनी आपणहून बदल केला, काहींना मेल टाकावा लागला. मेल ‘इन्फो’च्या पत्त्यावर न टाकता तक्रार निवारण अधिकाऱ्याला टाका, २०२१च्या आयटी नियमांनुसार मध्यस्थ (म्हणजे दुसऱ्यांचा मजकूर दाखवणाऱ्या) साइट्सना त्याचं नाव आणि संपर्क जाहीर करावाच लागतो. पान बदलूनही गूगल जुनाच मजकूर दाखवत असेल तर कालबाह्य मजकूर ताजा करण्याचा वेगळा अर्ज आहे. मला सगळ्यात उपयोगी पडला तो हाच, आणि त्याच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही.

गूगल मॅप्सवरच्या व्यवसायाच्या नोंदीत पत्ता लपवून फक्त डिलिव्हरीचा भाग दाखवता येतो. तेही करून टाकलं.

‘रेप्युटेशन’ सांभाळून देणाऱ्या एका एजन्सीने भलीमोठी रक्कम सांगितली होती. काय करणार, असं खोदून विचारल्यावर कळलं की हेच फुकटचे अर्ज भरणार आणि माझ्या नावाने चार गुळगुळीत लेख टाकणार. लेखांऐवजी मी आमच्या साइटवर स्वतःच्या नावाचं एक साधं पान केलं: कामाची माहिती आणि दुकानाचा नंबर. नाव शोधल्यावर आता तेच वर येतं.

एका साइटने अजून उत्तर दिलेलं नाही. तिथे जुना पत्ता आणि जुना ई-मेल दोन्ही आहेत. ई-मेल मी बंदच केला आहे. पत्त्यासाठी वॉचमनला सांगून ठेवलंय, कंपनीचं नाव घेऊन कुणी आलं तर गाळ्याकडे पाठवायचं.