पहिल्या कामाचे पैसे दहा मिनिटांत आले होते

मागच्या आठवड्यात कॉलेजमधल्या एका ज्युनिअरचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. "ताई, मसाल्याच्या पाउचचं मोठं काम मिळून राहिलं. माणूस एकदम चांगला आहे. व्हिजिटिंग कार्डचे पैसे तर फाइल पाठवल्याबरोबर टाकले त्यानं." ऐकता ऐकता माझ्या पोटात गोळा आला. माझीही सुरुवात अशीच झाली होती. म्हणून आज सगळं लिहून काढतेय.

मी नागपुरात मानेवाड्याला घरूनच पॅकेजिंग डिझाइनचं काम करते. बहुतेक कामं ओळखीतून येतात. २०२३च्या मे महिन्यात एका जुन्या ग्राहकाच्या ओळखीनं एक गृहस्थ आले. नाव लिहीत नाही, प्रकरण वकिलाकडे आहे. कार्डाचे २,५०० रुपये त्यांनी दहा मिनिटांत यूपीआयवर टाकले. जूनमध्ये माझ्या मुलीचा दहावीचा निकाल लागला तेव्हा संत्रा बर्फी घेऊन घरी आले, सासूबाईंच्या पाया पडले. गणपतीच्या सुमारास कॅटलॉग केलं, त्याचे ९,००० त्याच संध्याकाळी आले. तोवर ते आमच्या घरात 'भाऊ' झाले होते.

डिसेंबरात मोठं काम आलं. नव्या मसाल्याच्या ब्रँडसाठी लोगो, चौदा पाउच आणि एक गिफ्ट बॉक्स, मिळून १,१०,००० रुपये. मी अ‍ॅडव्हान्सचं बोलले. ते म्हणाले, "ताई, आपण घरचे. तुमचे पैसे कुठं जाऊन राहिले?" मी गप्प बसले. इतके चांगले संबंध आहेत, उगाच पैशावरून कटुता नको, असं वाटलं. खरं सांगते, त्या क्षणी मागणं मलाच कमीपणाचं वाटलं.

काम मात्र जीव ओतून केलं. कळमना मार्केटमधून अर्धा किलो भिवापुरी मिरची आणली आणि त्यातली एक टेबलावर ठेवून दोन दिवस नुसतं तिचंच चित्र काढलं. तिचा देठ डावीकडे वळून टोकाशी जरा चिरलेला होता. ती चीरही मी चित्रात तशीच ठेवली.

जानेवारीच्या शेवटी डिझाइन फायनल झालं. दुसऱ्याच दिवशी सकाळी फोन. "ताई, सिलिंडरवाला घाई करून राहिला, आजच्या आज ओपन फाइल पाठवा." ओपन फाइल म्हणजे बदल करता येणारी मूळ फाइल. पाउच ग्रॅव्ह्युअर नावाच्या छपाईनं छापतात, प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर कोरतात. फाइल एकदा तिथं पोचली की डिझायनरच्या हातात काहीच उरत नाही. मला हे ठाऊक होतं. तरी सगळ्या सीडीआर, म्हणजे कोरलड्रॉच्या मूळ फायली पाठवल्या.

फेब्रुवारीतल्या दुसऱ्या शनिवारी त्यांनी एनईएफटीनं बँकेतून पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट पाठवला. टीडीएसचे, म्हणजे आधीच कापायच्या आयकराचे, दहा टक्के कापून ९९,०००. "आज बँक बंद आहे, सोमवारी पडतील." मी सोमवारची वाट पाहिली. एनईएफटी डिसेंबर २०१९पासून चोवीस तास, सुटीच्या दिवशीही चालतं, दर अर्ध्या तासाला बॅच सुटते. हे त्या दिवशी डोक्यात आलं असतं तर शनिवारीच कळलं असतं. मंगळवारी शाखेत गेले. तिथल्या बाईंनी यूटीआर, म्हणजे व्यवहाराचा नंबर, बोटानं मोजला. "मॅडम, एनईएफटीचा सोळा अक्षरी असतो, हा चौदाच आहे." पुढे २६एएसमध्ये, म्हणजे आपल्या नावावर भरलेल्या कराच्या तक्त्यातही पाहिलं. माझ्या नावावर टीडीएसचा एक रुपया भरलेला नव्हता.

मग फोन उचलणं बंद झालं. कधी उचलला तर, "ताई, काहून टेन्शन घेता, पार्टनर बाहेरगावी आहे." वकिलाकडे दाखवायला म्हणून व्हॉट्सअ‍ॅप उघडलं, तर त्यात आठवड्याभरापलीकडचं काहीच नव्हतं. त्यांनी सात दिवसांनी मेसेज आपोआप गायब होण्याची सेटिंग कधी लावून ठेवली, मला कळलंच नाही. रेट ठरला ते, "फायनल, मस्त झालं" म्हणाले ते, सगळं गेलं. हातात राहिले फायली पाठवल्याचे चार ईमेल. नोटिशीला उत्तर आलं की ते फक्त सॅम्पल होतं, काम दिलंच नव्हतं.

एप्रिलमध्ये आमच्याच किराणा दुकानात मिरची पावडरचं पाउच दिसलं. डावीकडे वळलेला देठ, टोकाला चीर. मी ते विकत घेऊन आले, अजून कपाटात आहे. वकिलानं बिलासकट फाइलला जोडायला सांगितलंय. कॉपीराइटचा हक्क दुसऱ्याला द्यायचा तर १९५७च्या कायद्याच्या कलम १९प्रमाणे लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. मी तशी सही कुठंच केलेली नाही, तेवढाच आधार. वसुलीच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत असते, त्यामुळे थांबून चालणार नाही.

सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. लहान उद्योगांची सरकारी उद्यम नोंदणी फुकट आणि ऑनलाइन होते, आणि मी ती 'करू नंतर' म्हणत ठेवली होती. लहान उद्योगांसाठीच्या २००६च्या एमएसएमई कायद्यात लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावेच लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दर महिन्याला चक्रवाढ व्याज. सरकारकडे ऑनलाइन तक्रार करता येते. पण वकील म्हणाले, नोंदणी कामाच्या आधीची हवी. माझी नव्हती. तुमची नसेल तर आज रात्रीच करून टाका, अर्धा तासही लागत नाही.

आता मी निम्मे पैसे आधी घेते, डिझाइन फायनल झालं की तीस टक्के, आणि उरलेले आल्यावरच ओपन फाइल. तोवर वॉटरमार्क लावलेली हलकी जेपीजी. रेट आणि मंजुरी ईमेलवरच. पहिल्यांदा हे सांगताना इतवारीतल्या माझ्या जुन्या ग्राहकांसमोर, कापडवाल्या काकांसमोर, जीभ अडखळली होती. ते म्हणाले, "अगं, मी वीस वर्षांच्या गिऱ्हाइकाचीही उधारी वहीत लिहून सही घेतो. तू आत्तापर्यंत काहून नाही घेतली?" आणि तिथंच फोन काढून अ‍ॅडव्हान्स टाकला. त्यांच्याशी नातं आजही तसंच आहे, दिवाळीला फराळ येतो. पैसे मागितल्यानं माझा एकही चांगला ग्राहक तुटला नाही.

ज्युनिअरला मी फोनवरच म्हटलं, त्याच्या चॅटमध्ये नावावर दाब आणि मेसेज गायब होण्याची सेटिंग बघ. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "ताई, सात दिवस दाखवून राहिलं." सगळे मेसेज ईमेलवर काढून घे आणि निम्मं अ‍ॅडव्हान्स माग, एवढंच सांगितलं. तिनं त्याच संध्याकाळी मागितलं. चार दिवस झाले, त्याचं उत्तर आलेलं नाही.