लेझर काठी : पार्किन्सन्सच्या पेशंटसाठी घ्यावी का? दिवाळीपासूनचा अनुभव

आमच्या ह्यांना पार्किन्सन्स आहे. हाताच्या कापण्याचं आता काही वाटत नाही, खरा जाच पायांचा. दाराशी आले की पाय जमिनीला चिकटतात. टाचा उचलतात, गुडघे थरथरतात, धड पुढे जातं आणि पावलं तिथंच. पडायची भीती तेव्हाच. डॉक्टर याला फ्रीझिंग म्हणतात. त्यासाठी दिवाळीत लेझरची काठी घेतली. काठी टेकली की पायांपुढे हिरवी आडवी रेघ उमटते, उचलली की विझते. ती रेघ ओलांडायची, बस्स.

आणि पाय सुटतो! फिजिओथेरपिस्ट बाईंनी कारण समजावून सांगितलं. एरवी आपण विचार न करता चालतो, त्यात मेंदूच्या आतल्या बेसल गँगलियाचा मोठा हात असतो. पार्किन्सन्समध्ये डोपामाइन हे मेंदूतलं रसायन कमी पडतं आणि तिथलं काम अडतं. समोर रेघ असली की पाऊल टाकणं हे मुद्दाम करायचं काम होतं, आणि ते डोळ्यांनी बघून हालचाल ठरवणारे मेंदूचे दुसरे भाग अंगावर घेतात. हे नवीन नाही, जमिनीवरच्या आडव्या रेघांचा हा गुण ब्रिटिश डॉक्टर पर्डन मार्टिन यांनी 1967 सालीच लिहून ठेवलाय.

पण मुद्दाम करायचं म्हणजे लक्ष हवं, आणि काठी नेमकी तिथंच हरते. हे चालत असताना मी नुसतं "पेपर कुठे ठेवलात?" विचारलं तरी रेघ समोर असून पाय अडकतो. मेंदूचा कपाळामागचा भाग चालण्यातच गुंतलेला, उत्तर कुठून देणार? आता ते चालत असताना घरात कुणी बोलत नाही, नातूसुद्धा. दाराची बेल वाजली की मीच उठते, कारण घाई झाली की हमखास अडकतात. लिफ्टचं दार तर त्यांचं वैरीच.

बाकीच्या तक्रारी: दुपारच्या उन्हात रेघ दिसतच नाही. नक्षीच्या टाइल्सवर ती शोधावी लागते. वळताना रेघ एकीकडे, पाय दुसरीकडे, म्हणून जागच्या जागी न वळता मोठा फेरा घेऊन वळायला शिकवलंय. बटण दाबलं जावं म्हणून काठीवर भार द्यावा लागतो, संध्याकाळी मनगट दुखतं. कंपनीचा फोन कुणी उचलत नाही. खालचं रबर मात्र मेडिकलमध्ये मिळालं.

गोळीचा असर उतरला की काठीचाही उपयोग निम्म्यावर येतो, तेव्हा गोळीची वेळ चुकवून चालत नाही. शिवाय डाळ, पनीर असं प्रथिनांचं खाणं गोळीच्या आसपास आलं तर गोळीतलं लेव्होडोपा हे औषध नीट शोषलं जात नाही. आमच्याकडे जेवणाची वेळ गोळीच्या घड्याळावर ठरते.

घरात सगळ्यात जास्त कामाला आली ती हार्डवेअरच्या दुकानातली पिवळी टेप. संडासाच्या दाराआधी पाऊलभर अंतरावर आडव्या पट्ट्या चिकटवल्या. सेल नको, काही नको, एक हात भिंतीला धरायला मोकळा. काठी आम्ही लग्नकार्याला, दवाखान्यात, परक्या घरी नेतो आणि तिथे ती खरंच उपयोगी पडते.

विसरभोळेपणा वाढलेल्या पेशंटला ही जमणं कठीण, कारण रेघेकडे बघायचं हेच लक्षात राहत नाही. घ्यायचीच असेल तर आधी घरात टेप लावून बघा. टेपेवर पाय सुटत नसेल तर काठीवर एवढे पैसे घालायच्या आधी फिजिओथेरपिस्टला विचारा.