बॉयलर किटलीसारखा वाजतोय: केमिकल की पॉवर फ्लश?

लंडनचं पाणी जड, म्हणजे क्षारांचं. हिवाळ्यात हीटिंग सुरू केलं की बॉयलरमधून चहाचं आधण ठेवल्यासारखा आवाज येतो. हीट एक्स्चेंजरवर (बॉयलरमधला पाणी तापवणारा भाग) क्षार किंवा रेडिएटरमधला काळा लोहगाळ बसला की तिथलं पाणी अडकून उकळतं, वाफेचे बुडबुडे फुटतात. (नुसती गुडगुड असेल तर बहुधा हवा अडकलेली असते. रेडिएटरची हवा काढा, थंड असताना प्रेशर 1 ते 1.5 बार आहे ना ते पाहा.)

केमिकल क्लीनर स्वस्त. सिस्टिममध्ये ओतायचं, काही दिवस हीटिंग चालवायचं, मग सगळं पाणी काढून ताजं पाणी आणि इनहिबिटर (गंज रोखणारं रसायन) भरायचं. गाळ कोवळा असेल तर काम होतं. रेडिएटर वरून गरम, खालून थंडगार लागत असेल तर मात्र गाळ तळाशी घट्ट बसलाय. तिथे पॉवर फ्लशच हवा. यंत्राने पाणी जोरात फिरवतात, जवळजवळ दिवस मोडतो आणि काहीशे पौंड जातात. शिवाय जुना गंजका रेडिएटर त्यात गळायला लागू शकतो, कारण कित्येकदा गंजानेच भोक बुजवलेलं असतं! मी तरी आधी केमिकलच करून बघेन.

पेटताना धाडकन आवाज झाला तर दोन्ही पर्याय विसरा. बॉयलर बंद ठेवा आणि गॅस सेफ (ब्रिटनमधली गॅस इंजिनियरांची अधिकृत नोंदणी) यादीतला इंजिनियर बोलवा. आतलं झाकण स्वतः उघडू नका.