चॅनलचं नाव कायद्यात टाकायचं का काम टाकायचं? ठराव मांडायच्या आधी एकदा वाचा भाऊ

भाऊ, 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत तुम्ही ठराव मांडणार आहात की विदर्भातल्या कास्तकारांसाठी दूरदर्शनचं वेगळं चॅनल पाहिजे आणि ते संसदेने कायद्यातच लिहून द्यावं. मागणी मनापासूनची आहे, मलाही पटते, पण याला दोन रस्ते आहेत, एक म्हणजे कायद्यात चॅनलचं नावच टाकायचं आणि दुसरा म्हणजे फक्त काम लिहायचं, चॅनल कोणतं किती ते प्रसार भारतीने, म्हणजे दूरदर्शन-आकाशवाणी चालवणाऱ्या संस्थेने ठरवायचं, आणि दोन्हीत काय मिळतं काय जातं ते आधी पाहून घ्या.

आज आपल्याकडे दुसरा रस्ता चालू आहे. प्रसार भारतीचा कायदा 1990 चा, लागू झाला 1997 मध्ये, त्यात शिक्षण, शेती, ग्रामीण विकास, आरोग्य याकडे खास लक्ष द्या, वेगवेगळ्या भाषांना जागा द्या असं लिहिलंय, पण अमुक चॅनल चालवाच असं नाही. दूरदर्शनचं शेतीचं चॅनल डीडी किसान आलं ते 2014 च्या बजेटमध्ये 100 कोटी ठेवले म्हणून, 26 मे 2015 ला सुरू झालं, त्यासाठी वेगळा कायदा झाला नाही. म्हणजे देणारा हात सरकारचा, उद्या तो आखडला तर कायदा दाखवून भांडायला जागा फार कमी.

याचा अनुभव आमच्या घराने घेतला आहे. आमचे आबाजी जागलीला जायचे, हरभरा वर आला की रानडुकरं रात्रीत वावर उलटंपालटं करतात म्हणून मचाणावर बसायचे, जवळ टॉर्च, काठी आणि चामड्याच्या कव्हरातला रेडिओ. त्यावर आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी लागायची, 1988 मध्ये सुरू झालेली आणि नागपूरच्याच मोठ्या ट्रान्समीटरवरून अख्ख्या देशात रात्रभर जाणारी. सगळं हिंदी-इंग्रजी-उर्दू, आबाजींना अर्धं कळायचं, पण आवाज चालू असला की डुक्करही लांब राहते आणि माणसाला झोपही येत नाही. 2018 च्या शेवटी खर्चाचं कारण देऊन ती बंद करायचं ठरलं आणि कोणाला विचारायची गरज पडली नाही, कारण तिचं नाव कोणत्याच कायद्यात नव्हतं.

आता पहिला रस्ता. ब्रिटनमध्ये वेल्स नावाचा भाग आहे, तिथे वेल्श भाषेच्या चॅनलचा शब्द सरकारने दिला आणि फिरवला, तेव्हा 1980 मध्ये ग्विनफोर एव्हान्स या नेत्याने मरेपर्यंत उपोषण करीन असं जाहीर केलं, सरकार नमलं, कायदा झाला आणि 1 नोव्हेंबर 1982 ला एस-फोर-सी सुरू झालं, अजूनही चालू आहे. नाव कायद्यात आहे म्हणून इतक्या वर्षांत एका सहीने ते कोणी बंद करू शकलं नाही. छोट्या भाषेसाठी याच्याएवढं पक्कं काही नाही, आणि मेळघाटातल्या कोरकू किंवा गडचिरोलीतल्या गोंडी बोलणाऱ्यांचा विचार केला तर मी डोळे मिटून हाच रस्ता धरीन.

पण जर्मनी पाहा. तिथे राज्यांच्या करारात सार्वजनिक चॅनलांची नावं एकेक करून लिहिली होती, मुलांचं वेगळं, बातम्यांचं वेगळं. पुढे लोक मोबाईलवर गेले तरी चॅनल हलवता येईना, शेवटी 2023 मध्ये करार सैल केला, मोजक्या मुख्य चॅनलांची सक्ती ठेवली आणि बाकीची बंद करायची की नेटवर न्यायची ते संस्थांवर सोडलं. नाव लिहिलं की ते दगडावरच्या रेघेसारखं होऊन बसतं, चांगलंही आणि वाईटही.

आणि आपली खरी अडचण नावाने सुटते का? कपाशीत कामगंध सापळा, म्हणजे वासाने पतंग ओढून पकडणारा सापळा लावला, सलग तीन दिवस रोज आठ-आठ पतंग सापडले की गुलाबी बोंडअळीसाठी फवारणी करायची वेळ झाली असं कृषीवाले सांगतात. आता ही गोष्ट कास्तकाराला त्याच आठवड्यात, मराठीत, आपल्या तालुक्याचा पाऊस धरून सांगितली तर उपयोग, डीडी किसानसारख्या देशभरासाठी हिंदीत चोवीस तास चालणाऱ्या चॅनलवर गहू, ऊस, मासे सगळंच येणार, त्यात आपली कपाशी किती मिनिटं येईल? 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने कास्तकार-मजूर गेले, तोंडाला काय बांधायचं, वारा कुठून आहे, कोणतं औषध कशात मिसळायचं नाही हे रोज संध्याकाळी घराघरात जायला पाहिजे होतं. चॅनलचं नाव लिहिलं आणि आत दिवसभर जुनेच कार्यक्रम फिरवले तरी कायदा पाळला असंच म्हणतील.

पैशाचंही पाहा. गावात बहुतेक घरांवर फ्री डिशची छत्री आहे, महिन्याचा रिचार्ज नाही म्हणून. तिच्यावर जागा मोजक्या आणि खाजगी चॅनलांना त्या लिलावाने दिल्या जातात, ती प्रसार भारतीची कमाई आहे. सक्तीचं प्रत्येक नवीन चॅनल एक जागा खाणार, तो पैसा कोण भरणार ते ठरावात नसलं तर मागणी तिथेच अडकेल. केबलवाल्यांना दूरदर्शनची चॅनलं दाखवायची सक्ती 1995 च्या कायद्यापासून आहेच, ती दाखवायची सक्ती, चालवायची नाही, ठराव लिहिताना या दोघांची गल्लत करू नका.

माझं मत विचाराल तर शेतीसाठी चॅनलचं नाव मागू नका, वेळ आणि भाषा मागा. रोज संध्याकाळी अमुक मिनिटं, मराठीत, विदर्भाचं हवामान आणि पीक सल्ला, टीव्हीवरही आणि आपल्या यवतमाळ, अकोला, चंद्रपूरच्या आकाशवाणीवरही, हे कायद्यात. गोंडी-कोरकूसाठी मात्र स्वतंत्र सेवा नावासकट मागा. आणि तिसरं, कोणतीही चालू सेवा बंद करायची तर आधी लोकांचं ऐकून घ्या आणि बंद करायचं कारण संसदेत लेखी मांडा, हेही टाका. बीबीसीने आपलं तिसरं चॅनल 2016 मध्ये टीव्हीवरून काढून नेटवर नेलं आणि 2022 मध्ये परत टीव्हीवर आणलं, दोन्ही वेळा वरच्या देखरेख संस्थेची परवानगी घ्यावी लागली होती, तसं काहीतरी.

आणि हो, ठराव आमदारांकडे नेऊन काही होणार नाही, प्रसारण हा विषय केंद्राच्या यादीत आहे, प्रत खासदारांच्याच ऑफिसला द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. ग्रामसेवकाला मजकूर आधीच लिहून द्या, ऐन सभेत घाईत लिहिला की मिनिटं आणि भाषा हेच दोन शब्द सुटतात.