लिबर्टी विद्यापीठ: नियम विद्यार्थ्यांना, मोकळीक अध्यक्षांना

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांत मुले कॉलेजला जाण्याच्या वयाची झाली की एक प्रश्न निघतो: दारू, अमली पदार्थ आणि एकंदर बेबंद वातावरणापासून दूर राहून, प्रार्थनेची सवय न मोडता चांगली पदवी कुठे मिळेल? अशा वेळी मंडळीतले कोणी ना कोणी व्हर्जिनिया राज्यातील लिंचबर्ग येथील लिबर्टी विद्यापीठाचे नाव सुचवते. पालकांची ती काळजी मला मनापासून समजते, कारण ती माझीही आहे. तरीही माझे मत मी आधीच सांगतो. ऑनलाइन पदवीसाठी या विद्यापीठाचा विचार अवश्य करावा. परंतु वसतिगृहात राहून शिकण्यासाठी, विशेषतः मुलींना, तेथे पाठवण्याची शिफारस मी करणार नाही.

विद्यापीठाकडे जे चांगले आहे ते नाकारण्यात अर्थ नाही. बॅप्टिस्ट धर्मोपदेशक जेरी फॉलवेल यांनी १९७१ मध्ये लिंचबर्ग बॅप्टिस्ट कॉलेज या नावाने सुरू केलेली ही संस्था आज जगातील मोठ्या ख्रिस्ती विद्यापीठांत गणली जाते. तिला अधिकृत मान्यता आहे, नर्सिंग, कायदा आणि विमानचालन यांचे अभ्यासक्रम आहेत, २०१४ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि मोठे ग्रंथालय आहे; २००९ मध्ये तिने डोंगरउतारावर बारमाही स्कीइंगची सोयसुद्धा उभारली. ऑनलाइन विद्यार्थ्यांची संख्या एक लाखाच्या वर असून त्यांत सैनिक, नोकरदार आणि घर सांभाळून शिकणाऱ्या स्त्रिया यांचा मोठा भरणा आहे. अशा लोकांची सोय या संस्थेने इतरांच्या फार आधी ओळखली, हे तिचे श्रेय आहे. विश्व सहा दिवसांत निर्माण झाले, असे संस्थेचे विश्वासपत्रक मानते. हे मान्य नसलेल्या विद्यार्थ्याने जीवशास्त्र निवडण्यापूर्वी दोनदा विचार करावा. पण यात फसवणूक नाही, कारण ही भूमिका संस्था उघडपणे मांडते.

खरी अडचण आचारसंहितेची आहे. ‘लिबर्टी वे’ या नावाने ओळखली जाणारी ही नियमावली म्हणजे पालकांना दिलेले आश्वासन असते. मद्यपान निषिद्ध, विवाहबाह्य संबंध निषिद्ध, मुलांनी मुलींच्या खोल्यांत जाण्यावर निर्बंध, कपड्यांविषयी सूचना आणि नियमभंगासाठी दंड असे तिचे स्वरूप राहिले आहे. वसतिगृहातल्या विद्यार्थ्यांना सामुदायिक सभेला हजर राहणे सक्तीचे असते. काही नियम गेल्या दशकात शिथिल झाले, पण गाभा तोच राहिला. कडक नियम मला खटकत नाहीत. घरातून दूर गेलेल्या अठरा वर्षांच्या मुलाला शिस्त असावी, असे मलाही वाटते. मात्र जी शिस्त मुलाला लागू आहे ती त्याच्या शिक्षकाला, अधिष्ठात्याला आणि अध्यक्षालाही लागू असली पाहिजे, आणि नेमकी तेथेच ही संस्था उणी पडली.

संस्थापकांच्या मृत्यूनंतर २००७ मध्ये त्यांचे थोरले पुत्र जेरी फॉलवेल ज्युनियर अध्यक्ष झाले. ते पेशाने वकील. त्यांच्या काळात संस्थेची आर्थिक भरभराट झाली, हे निर्विवाद आहे. परंतु आपल्या वर्तनावर टीका झाली की ते सांगत, मी कधीच पाळक नव्हतो, मी वकील आणि बांधकाम व्यावसायिक आहे. हा बचाव मला आजही अस्वस्थ करतो. ज्या संस्थेत लेखापालाच्या अभ्यासक्रमाला बसलेल्या मुलालाही ख्रिस्ती आचरणाची अट आहे, तेथे सर्वोच्च पदावरचा माणूस व्यवसायाचे कारण देऊन त्या अटीतून स्वतःला कसा मोकळा करून घेऊ शकतो?

ऑगस्ट २०२० मध्ये एका नौकेवरचे छायाचित्र त्यांनी स्वतःच समाजमाध्यमावर टाकले. त्यात त्यांच्या पँटचे बटण उघडे होते, शर्ट वर सरकून पोट दिसत होते, एका हातात गडद रंगाच्या द्रवाचा ग्लास होता आणि शेजारी तशाच अवतारात एक तरुणी उभी होती. ग्लासात केवळ काळे पाणी आहे, असा खुलासा त्यांनी चित्राखालीच केला होता, आणि पुढे ही वेशभूषेची गंमत होती असेही सांगितले. असेच चित्र एखाद्या विद्यार्थ्याने टाकले असते, तर त्याला शिस्तपालन कार्यालयात उत्तर द्यावे लागले असते, याबद्दल मला शंका नाही. अध्यक्षांना प्रथम रजेवर पाठवण्यात आले. त्यानंतर काही दिवसांत पत्नीच्या विवाहबाह्य संबंधाची कबुली त्यांनी स्वतः निवेदनाद्वारे दिली; त्यात आपलाही सहभाग होता हा आरोप मात्र त्यांनी फेटाळला. त्याच महिन्यात त्यांनी राजीनामा दिला. करारानुसार त्यांना सुमारे एक कोटी पाच लाख डॉलर मिळणार असल्याचे तेव्हा प्रसिद्ध झाले. पुढे २०२१ मध्ये विद्यापीठानेच त्यांच्यावर दावा दाखल केला आणि २०२४ मध्ये दोन्ही बाजूंनी तडजोड केली.

कोणाच्या वैवाहिक जीवनात डोकावण्याची मला इच्छा नाही. ही हकिगत मी सांगतो ती तिच्या शेजारी दुसरी हकिगत ठेवण्यासाठी, आणि पालकांनी सर्वांत जास्त लक्ष द्यावे असा भाग हाच आहे. क्लेरी कायदा हा १९९० चा अमेरिकन कायदा महाविद्यालयांना आपल्या आवारातील गुन्ह्यांची खरी आकडेवारी प्रसिद्ध करण्यास आणि धोक्याची सूचना वेळेवर देण्यास बांधतो. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेच्या शिक्षण विभागाने या कायद्याच्या गंभीर उल्लंघनाबद्दल लिबर्टीला एक कोटी ४० लाख डॉलरचा दंड केला. या कायद्याखाली तोवर झालेला तो सर्वांत मोठा दंड होता. त्याआधीचा उच्चांक, मिशिगन स्टेट विद्यापीठाचा, ४५ लाखांचा होता. तपासात आढळले, की लैंगिक अत्याचाराची तक्रार करावी की नाही या विचारात असलेल्या मुलींना आचारसंहितेच्या शिक्षेची भीती वाटत होती. काही पीडितांना नियमभंगासाठी खरोखरच शिक्षा झाली, आणि अत्याचार करणारे मोकळे राहिले.

याचा अर्थ प्रत्यक्षात काय होतो ते पाहावे. एखादी मुलगी आवाराबाहेरच्या मेळाव्यात जाते, तेथे थोडी दारू घेते आणि तिच्यावर अत्याचार होतो. तक्रार लिहून देताना ती कुठे होती आणि तिने काय घेतले होते, हे तिला सांगावेच लागते, आणि त्याच कागदावर तिची स्वतःची कबुलीही नोंदली जाते. तिच्या रक्षणासाठी म्हणून लिहिलेला नियम तिचे तोंड बंद करतो. २०२१ मध्ये अनेक स्त्रियांनी निनावी राहून न्यायालयात मांडलेली तक्रार याच धर्तीची होती. पुढील वर्षी तो दावा तडजोडीने मिटला. दंडानंतर विद्यापीठाने जुन्या त्रुटींबद्दल खेद व्यक्त केला, सुरक्षेवर दोन वर्षांत आणखी २० लाख डॉलर खर्च करण्याचे मान्य केले आणि एप्रिल २०२६ पर्यंतची सरकारी देखरेख स्वीकारली. ही सुधारणा खरी ठरावी, अशी माझी प्रार्थना आहे.

हे सारे एका माणसाच्या दुर्बलतेमुळे झाले, असे मानणे सोयीचे असले तरी मला ते पटत नाही. कायदा महाविद्यालय वगळता तेथील प्राध्यापकांना नोकरीची कायम हमी नसते, त्यामुळे वरिष्ठांना प्रश्न विचारण्याची किंमत मोठी असते. २०१६ मध्ये फॉलवेल यांनी डोनाल्ड ट्रम्प यांना पाठिंबा दिला, तेव्हा विश्वस्त मंडळाच्या कार्यकारिणीचे प्रमुख मार्क डीमॉस यांनी त्याविषयी जाहीरपणे खंत व्यक्त केली. ते संस्थापकांचे जुने सहकारी, आणि विद्यापीठाच्या एका प्रमुख इमारतीला त्यांच्याच कुटुंबाचे नाव आहे. तरी त्यांना पद सोडावे लागले. त्याच वर्षी ट्रम्प यांच्या स्त्रियांविषयीच्या असभ्य वक्तव्यावर टीका करणारा एका विद्यार्थ्याचा लेख विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्रातून अध्यक्षांनी वगळला. ज्या घरात विश्वस्त, प्राध्यापक आणि विद्यार्थी या तिघांनाही बोलण्याची धास्ती वाटते, त्या घरात वडीलधाऱ्यांना वेळीच सावध करणारे कोणी उरत नाही.

लिबर्टी याबाबत एकटे नाही. साउथ कॅरोलायनातील बॉब जोन्स विद्यापीठाने वेगवेगळ्या वंशांच्या विद्यार्थ्यांनी एकमेकांशी प्रेमसंबंध ठेवण्यावरची बंदी बायबलच्या नावाने चालू ठेवली. त्यापायी करसवलत गेली, आणि १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही हार पत्करावी लागली. बंदी उठली ती थेट २००० साली, आणि माफीसाठी २००८ उजाडले. तुलना केली तर लिबर्टी बरेच मोकळे आहे, हे मी मान्य करतो.

अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले, आणि त्यांच्या मराठी मिशनने पुढे अहमदनगर भागात शाळा काढल्या. आमच्या पूर्वजांपैकी अनेकांना त्या शाळांतून अक्षरओळख मिळाली. म्हणूनच अमेरिकन ख्रिस्ती संस्थेविषयी आमच्या मनात मुळातच आदर असतो, आणि तिच्या पाटीवर आम्ही लवकर विश्वास ठेवतो. जड ओझी दुसऱ्यांच्या खांद्यावर देऊन स्वतः बोटही न लावणाऱ्या धर्मगुरूंना प्रभू येशूने मत्तयच्या तेविसाव्या अध्यायात ज्या शब्दांत सुनावले, ते वाचताना मला आता लिंचबर्ग आठवते, आणि त्याचे वाईट वाटते.

सध्या निवृत्त हवाईदल अधिकारी आणि धर्मोपदेशक डोंडी कॉस्टिन अध्यक्ष आहेत, तर कुलपतिपद संस्थापकांचे धाकटे पुत्र जोनाथन फॉलवेल यांच्याकडे आहे. तरीही मुलीला तेथेच पाठवायचे ठरले असेल, तर आवार पाहायला जाताना सुरक्षेचा ताजा वार्षिक अहवाल आधी वाचावा. प्रवेश कार्यालयात दोन गोष्टी लेखी मागाव्यात. अत्याचाराची तक्रार करणाऱ्या विद्यार्थिनीवर त्याच प्रसंगातील मद्यपान किंवा अन्य नियमभंगासाठी कारवाई होणार नाही, ही हमी कोणत्या कलमात आहे? आणि अध्यक्षांविरुद्ध तक्रार असेल, तर ती कोणाकडे करायची? उत्तर कागदावर मिळाल्याशिवाय प्रवेशाची अनामत भरू नये.