सीडी-४१, सीडी-६१ की पॅक-१? प्लेटलेटसाठी अँटिबॉडी निवडताना

प्लेटलेट एकमेकांना चिकटतात ते जीपी-२बी/३ए या प्रथिनामुळे. एका प्लेटलेटवर त्याचे साधारण ८०,००० रेणू असतात. फ्लो सायटोमेट्रीसाठी (पेशींना रंगीत अँटिबॉडी लावून त्या एकेक तपासण्याची चाचणी) अँटिबॉडी मागवण्याआधी एकच ठरवा: प्रथिन आहे की नाही हे बघायचंय, की ते काम करतंय की नाही हे?

आहे की नाही, एवढंच हवं असेल तर सीडी-४१ आणि सीडी-६१ घ्या. प्रथिनाच्या दोन साखळ्यांपैकी सीडी-४१ म्हणजे २बी, सीडी-६१ म्हणजे ३ए. प्लेटलेट शांत असतानाही या दोन्ही अँटिबॉडी बसतात. ग्लान्झमन थ्रॉम्बास्थेनियाच्या (हे प्रथिन जन्मतःच कमी किंवा बिघडलेलं असण्याच्या रक्तस्रावाच्या आजाराच्या) निदानाची सुरुवात इथूनच होते. त्याच्या पहिल्या प्रकारात प्रथिन नॉर्मलच्या ५ टक्क्यांहून कमी, दुसऱ्यात साधारण ५ ते २० टक्के. जोडीला सीडी-४२बी, म्हणजे प्लेटलेटवरच्या दुसऱ्याच एका प्रथिनाची अँटिबॉडी, लावाच. ते नीट दिसलं, तर रंगवण्यात गडबड नाही याची खात्री पटते. एकट्या सीडी-६१वर मात्र विसंबू नका, कारण ३ए ही साखळी व्हिट्रोनेक्टिन रिसेप्टर या दुसऱ्या प्रथिनामध्येही असते.

पॅक-१ची गोष्ट वेगळी. सॅनफोर्ड शॅटिल आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये मांडलेली ही उंदराची आयजीएम प्रकारची अँटिबॉडी फक्त सक्रिय झालेल्या प्रथिनालाच धरते. म्हणून ती नाजूक. रक्त गोठू नये म्हणून ते सायट्रेटमध्ये घ्यायचं, ईडीटीएमध्ये नाही. ईडीटीए कॅल्शियम ओढून घेतं आणि २बी-३एची जोडीच सैल होते. सीबीसीची उरलेली जांभळ्या झाकणाची नळी इथे कामाची नाही. नळी जोरात हलवायची नाही, रंगवणं ताज्या रक्तावर उरकायचं. एका नळीत प्लेटलेटला सक्रिय करणारं एडीपी, एक तशीच, आणि एकीत पॅक-१चं बंधन अडवणारं आरजीडीएस पेप्टाइड, म्हणजे खरं बंधन किती ते कळतं. रुग्ण एप्टिफिबाटाइडवर (हेच प्रथिन अडवणाऱ्या औषधावर) असेल तर आकडा खाली येणारच. सेकंडरी (पहिल्या अँटिबॉडीला धरणारी रंगीत दुसरी अँटिबॉडी) लागणार असेल तर ती अँटी-आयजीएम हवी, आयजीजीची नेहमीची चालत नाही.

एवढी यातायात कशासाठी, तर थ्रॉम्बास्थेनियाच्या व्हेरियंट प्रकारासाठी. तिथे सीडी-४१, सीडी-६१ बऱ्यापैकी दिसतात, पण प्रथिन प्लेटलेटना जोडणाऱ्या फायब्रिनोजेनला धरत नाही. पहिल्या दोघींवर थांबलात तर असा रुग्ण हातून निसटतो.

बजेट एकाच जोडीचं असेल तर माझं मत सीडी-४१ आणि सीडी-४२बीला. रक्तस्राव आहे, ॲग्रिगेशन (प्लेटलेट एकमेकांना चिकटणं) बिघडलंय आणि या दोन्ही नॉर्मल आल्या, तर पॅक-१ची कुपी मागवा, आणि दर वेळी त्याच दिवशीच्या निरोगी माणसाचं रक्त सोबत चालवा.